नदीकडची भिंत

नदीच्या वळणावरच्या एका गावात राघोजी नावाचा शेतकरी आणि त्याची बायको गजराबाई राहत होती. वळणावर नदी मंदावते आणि वरून आणलेला गाळ खाली टाकते. म्हणून त्या गावात नदीच्या बाजूला कुणी बांध घालत नसे. पूर चार दिवस शेतात राहायचा आणि मागे काळाभोर गाळ ठेवून जायचा. मग घरची बाई त्यात हात रोवून बघायची. मनगट बुडालं तर गहू, नुसती बोटं बुडाली तर हरभरा.

एका साली पुरात राघोजीचा बैल वाहून गेला. पोटच्या पोरासारखा वाढवलेला बैल. राघोजी दोन दिवस जेवला नाही. तिसऱ्या दिवशी तो नदीकडेला दगडी भिंत घालायला लागला.

गजराबाई म्हणाली, "बैल न्येला तिनं, खरं हाय. पर माती बी तीच आनून घालती."

"माती आनती. माजा बैल आनला का?"

त्याचं दुःख तिला कळत होतं.

दोन-तीन वर्षं राघोजी मिशीला पीळ देत फिरला. पूर शेतात येईना, पीक बुडेना. पण नवा गाळही येईना. शेताला दिलेल्या विहिरीच्या पाण्यातले क्षार धुऊन न्यायला पूर नव्हता, तेव्हा मातीवर पांढरी खार फुलली. कणसं हलकी झाली. गजराबाई नदीतून पाटी पाटी गाळ डोक्यावर आणून शेतात पसरू लागली. राघोजीला ते दिसत होतं. भिंत पाडावी असंही वाटायचं. पण गाव हसेल, म्हणून गडी अडून बसला.

चौथ्या हिवाळ्यात ओल्या गाळाची पाटी घेऊन नदीची दरड चढताना गजराबाईचा पाय घसरला. ती पुन्हा उठली नाही.

राघोजीनं महिनाभरात भिंत पाडली, एकट्यानं. कुणीही हसलं नाही. पावसाळ्यात पूर आला, चार दिवस राहिला आणि गेला. गाळ बोटाच्या पेराएवढाच पडला. इतक्या वर्षांची झीज एका पुरात कशी भरणार? त्यानं हरभरा पेरला. थोडाफार पिकला.

त्यानं चुलीवर घुगऱ्या शिजवल्या. गजराबाई त्यात मीठ किती घालायची, हे त्यानं कधी विचारलंच नव्हतं. अळणी घुगऱ्या पुढ्यात घेऊन तो कितीतरी वेळ बसून राहिला.

तात्पर्य: एका नुकसानीच्या रागात, देणाऱ्याचीही वाट अडवू नये, आणि अडवलीच, तर चूक कळताच मोकळी करावी. लोकलाजेनं केलेला उशीर आपल्याच माणसाला भोगावा लागतो.