डाव्याचं गुपित

मोटारीचे सुटे भाग माणसांशी बोलत असत, त्या काळची गोष्ट. गुरव मास्तरांच्या जुन्या गाडीत दोन कॅलिपर होते, थोरला उजवा आणि धाकटा डावा. ब्रेक दाबला की पुढची चाकं आवळून धरायची, हे त्यांचं काम. दोघंही गंजले, तेव्हा मास्तरांनी त्यांना काढून अंगणात आणलं.

उजव्याला उघडून त्यांनी आतला पिस्टन घासला, नवी रबरं घातली. उजवा कळवळला, पण मोकळा झाला. तोवर मास्तरांचे हात भरून आले. त्यांनी डाव्याला विचारलं, "तुझा पिस्टन अडतोय का रे कुठे?"

"छे हो, मास्तर! मला नुसता रंग द्या."

खरं तर त्याचा पिस्टन केव्हाच जाम झाला होता. उजव्याला ते ठाऊक होतं. तो बोलणार, तेवढ्यात डावा कुजबुजला, "दादा, सांगू नकोस. भंगारात टाकतील मला."

भावाच्या मायेने उजवा गप्प राहिला. मास्तरांनी दोघांना लालभडक रंगवून पुन्हा गाडीला बसवलं.

चौथ्या दिवशी घाट उतरताना गुरं आडवी आली. मास्तरांनी ब्रेक दाबला. डाव्याला चाक धरताच येईना. उजवा मात्र जिवाच्या आकांताने आवळत गेला, आणि तो जितका आवळत गेला तितकी गाडी त्याच्याच बाजूला ओढली जाऊन कड्यावर आदळली. मास्तर जागच्या जागी गेले.

"दादा, तू तरी बोलायचं होतंस," डावा रडत म्हणाला.

उजव्याने चाक अजून घट्ट धरलं होतं. आता ते कुणासाठी सोडावं, हेच त्याला कळेना.