कोरा फर्मा

“पुस्तक कशाशी खातात हेही ज्यांना ठाऊक नाही, त्यांच्या हाती ते पडतंच कसं?”

ऋजुताने हे दारातूनच विचारलं. कुणाला विचारलं, ते तिलाही सांगता आलं नसतं.

वाचनालयाच्या मागच्या पडवीत जिनगरतात्या खळ ढवळत बसले होते. मैद्याची खळ, त्यात कीड लागू नये म्हणून चिमूटभर मोरचूद. गावातली तीन पिढ्यांची फाटलेली पुस्तकं त्यांनी इथेच बसून शिवली होती.

“काय झालं, बाई?”

तिने हातातलं पुस्तक त्यांच्यासमोर आपटलं. जुनी कादंबरी. पाठ उसवलेली, कोपरे गोल झालेले. पहिल्या पानावर जांभळ्या शाईचा ताजा शिक्का होता : निर्लेखित.

म्हणजे चार वाजता रद्दीवाला येईल तेव्हा त्याच्या पोत्यात.

“शेवट बघा याचा. सगळं गिरबटलंय!”

तात्यांनी पुस्तकाकडे पाहिलं नाही. खळीत गुठळी आहे का ते पाहिलं.

“वेणूचं पुस्तक का?”

“तुम्हाला माहीत आहे?”

“मीच बांधलंय.”

ऋजुता सहा महिन्यांपूर्वी इथे ग्रंथपाल होऊन आली होती. पदवी ताजी होती, रागही ताजा होता. या गावात सोळा ते अठरा वयाच्या मुलांसाठी वेगळं असं काहीच नाही, हे तिने पहिल्याच आठवड्यात कार्यकारिणीला सुनावलं होतं. बालविभागात ती मुलं मावत नाहीत, मोठ्यांच्या विभागात त्यांना कुणी उभं करत नाही. मग त्यांनी जायचं कुठे?

तिला एक कपाट मिळालं. पंचवीस कादंबऱ्या तिने स्वतः निवडल्या. वर पाटी लावली : ‘सोळा ते अठरा. शिफारस केलेली पुस्तकं.’

दोन महिन्यांत त्यातली एकच कादंबरी बाहेर गेली होती. या वेणूच्याच गोष्टीची नवी, कोरी करकरीत प्रत. बारावीतली करुणा ती घेऊन गेली, त्या दिवशी ऋजुता घरी गाणं गुणगुणत गेली होती.

पण एकीने भागणार नव्हतं. महिनाअखेर कपाट रिकामं करून तिथे स्पर्धा परीक्षांची गाइडं लावायची, असं ठरत होतं.

“यांच्यासाठी मी भांडतेय, तात्या. आणि ही मुलं पुस्तकाचं हे असं करतात!”

“वाचलंत का?”

“काय वाचायचं त्यात? गिरगोट्या?”

“बसा.”

ती बसली नाही. पण तिने पुस्तक उघडलं.

छापील मजकूर एका ओळीवर थांबत होता. वेणू फाट्यावर उभी आहे, पायाशी बॅग, लांबून एसटीचा धुरळा दिसतोय... त्यापुढे छपाई नव्हती. हाताने लिहिलेलं होतं.

वेणू एसटीत बसली. खिडकी मिळाली.

खाली दुसरं अक्षर : खोटं! आईची हाक आली असणार. वळलीच ती.

त्याखाली, हिरव्या शाईत : वळली तर वळू दे. उद्या पण एसटी आहे.

मग पेन्सिलीने : कंडक्टरने विचारलं, कुठे? ती म्हणाली, शेवटपर्यंत.

कुणी दोन पानं भरून लिहिलं होतं. कुणी वेणूला पोलिसात घातलं होतं, कुणी तिचं लग्न लावून दिलं होतं, आणि त्याच्या समासात तिघींनी मिळून त्याला झोडपलं होतं.

एका पानाच्या तळाशी, मुंगीएवढ्या अक्षरात, तीनच शब्द होते.

मी गेलो नाही.

ऋजुता बसली.

तिने ती पानं पुन्हा पहिल्यापासून उलटली.

“हे कोरे कागद आले कुठून?”

“शिवायला घेतलं तेव्हा शेवटचा फर्मा, पानांची शेवटची घडी, सापडेना. सोळा पानं. पुठ्ठे आधीच कापून बसलो होतो, पुस्तक ढिलं पडायला लागलं. कोरा फर्मा घातला. तेवढाच भरीला.”

“म्हणजे चूक झाली.”

“झाली ना.”

“मग दुसऱ्या प्रतीवरून शेवट उतरवून घ्यायचा. कुठून तरी शोधायचा!”

तात्या उठले. भिंतीशी लाकडी पेटी होती. तिच्यातून वर्तमानपत्रात गुंडाळलेली पुडी काढून त्यांनी तिच्या मांडीवर ठेवली.

आत सोळा पानं होती. छापलेली. पिवळी पडलेली, पण एकालाही कुणाचा हात लागलेला नव्हता.

“हा शेवट आहे?”

“हो. पुठ्ठ्यांच्या ढिगाखाली गेला होता. चार-पाच महिन्यांनी सापडला.”

“मग शिवला का नाहीत?”

“बसेना.”

“न बसायला काय झालं? सोळाच पानं आहेत. कोरी काढायची, ही घालायची.”

“कोरी...” तात्या म्हणाले, “राहिली होती कुठे?”

ऋजुताने पुडी बंद केली. पुन्हा उघडली. पुन्हा बंद केली.

“मी पंचवीस पुस्तकं निवडलीत, तात्या. एकेक वाचून. भाषा चांगली, विषय त्यांच्या वयाचे. कुठे कमी पडले मी?”

“यादी चांगली आहे.”

“पण?”

“भरलेली आहे.”

पुढच्या दालनातल्या घड्याळात साडेतीन झाले. ऋजुताने शिक्क्यावरून बोट फिरवलं. शाई वाळली होती.

“एकदा निर्लेखित केलं की पुन्हा फळीवर ठेवता येत नाही.”

“असा नियम आहे?”

“आहे.”

“मग तसं करा.”

तात्यांनी पाठीचा जुना दोरा कापला आणि दाभणात नवा ओवला. एकेक फर्मा उचलून ते शिवू लागले. लिहिलेला फर्मा सगळ्यांत शेवटी आला. तो त्यांनी झोपलेलं पोर उचलावं तसा उचलला.

“अहो, पण हे आता रद्दीत जाणार आहे!”

“जाईल की. उसवलेलं कशाला पाठवायचं?”

तिला हसू आलं, आणि त्याचाच राग आला.

पाठ शिवून झाली. तात्यांनी अबरी कागदाचा एक ताव घेतला. निळ्या-तांबड्या लाटांचा, पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला लावतात तो. पुस्तकाच्या मापाने कापला. पहिल्या पानाशी धरून पाहिला. शिक्का त्याच्याखाली पुरता झाकला जात होता.

मग त्यांनी तो खाली ठेवला. कुंचला खळीत बुडवून तिच्यापुढे धरला.

“मी?”

“शिक्का कुणी मारलाय?”

ऋजुताने कुंचला घेतला. खळ जरा जास्तच लागली. कागद तिरका बसतोय असं वाटलं तेव्हा तिने तात्यांकडे पाहिलं. ते दाभण पुसत होते.

तिने कागद बसवला. दोन्ही तळवे ठेवून दाबून धरला.

“किती वेळ?”

“धरवेल तेवढा.”

तेवढ्यात चपला वाजल्या. पडवीच्या उंबऱ्याशी करुणा उभी होती. दोन वेण्या, खांद्याला क्लासची बॅग, हातात कपाटातली ती नवी प्रत. आठ दिवसांत परत. कुठे चुरगळ नाही, डाग नाही.

ऋजुताचा चेहरा उजळला.

“झालं वाचून? आवडलं?”

करुणाने ओठ चावला. तिची नजर ऋजुताच्या तळव्यांखाली गेली. तिथून हललीच नाही.

“ताई, जुनं जागेवर दिसेना म्हणून मी हे नेलं होतं.” तिने नवी प्रत पुढे केली. “पण याचा शेवट आधीच झालाय हो. तेच द्या ना मला... त्यात अजून एक पान शिल्लक आहे.”