घरटं प्रकल्प, टप्पा पहिला

एका जंगलात कोणीच काही काम करत नसे, आणि सगळ्यांचं उत्तम चाललं होतं. कारण जंगलाच्या मधोमध तेलाची विहीर होती. शेजारची जंगलं दिव्यांसाठी तेल नेत आणि बदल्यात धान्य, फळं, तयार घरटीसुद्धा देत. मी गाढव. मला तर गवतही चिरून यायचं.

मग उन्हाळे वाढत गेले. तेलाच्या धुरानं आभाळ काळवंडलं, तळं आटलं. शेजाऱ्यांनी निरोप धाडला, "आम्ही हळूहळू तेल बंद करतोय. यापुढे उन्हावर भागवू."

आमचे राजे, झिपरोजी अस्वल, लगेच शिळेवर चढले. "बंधूंनो, भगिनींनो! तेलावाचूनही जगून दाखवू! नवे उद्योग उभारू!"

आणि त्यांनी मला नवउद्योगमंत्री केलं. माझी पात्रता एवढीच, की मी त्यांच्या प्रत्येक वाक्याला मान डोलावत असे.

मी रेवू सुगरणीकडे गेलो. "रेवूताई, तुमच्या घराण्यात विणकाम होतं म्हणे."

"आजीपर्यंत होतं. मी आयत्या घरट्यात वाढले. पण त्यात आता पिल्लं उकाड्यानं धापा टाकतात, मंत्रीसाहेब. हवेशीर विणून बघते. गवत आणून द्याल?"

आणलं. निम्मं वाटेत खाल्लं. उरलेल्यातून तिनं विणायला घेतलं. पहिलं घरटं वाऱ्यानं नेलं, दुसरं माझ्या डोक्यात पडलं. तिसरं तिरकं झालं, पण टिकलं. पिल्लं आत शांत झोपली. रेवूताईला रडू फुटलं. मलाही भरून आलं, आणि श्रेय दुसरं कोणी घेण्याआधी मी दरबारात धावलो.

राजे खूश झाले. "असा उद्योग जंगलभर हवा! पण भांडवल कुठून आणायचं?"

"तेल विकून," मी म्हणालो. दरबारात माझ्या बुद्धीची वाहवा झाली.

दुसरी विहीर खणायचं ठरलं. जागा निघाली नेमकी रेवूताईच्या बाभळीखाली.

"अहो, घरटं याच झाडावर आहे!" ती कळवळून म्हणाली.

"ताई, हे सगळं घरट्यांसाठीच तर चाललंय," मी समजूत घातली.

मग तिनं पिल्लांना पंख पसरायला लावलं आणि कुऱ्हाड पडण्याआधी त्यांना घेऊन सीमेपलीकडे गेली.

नव्या विहिरीचं नाव 'घरटं प्रकल्प, टप्पा पहिला' ठेवलं. विरोधी बाकावरच्या कोल्ह्यांनी निषेधाच्या घोषणा देत सभात्याग केला, पण बाहेर सावली उरली नव्हती, म्हणून लगेच परत आले.

पुढच्या उन्हाळ्यात तेल देऊन आम्ही शेजाऱ्यांकडून हवेशीर घरटी मागवली. वीण अप्रतिम होती. रेवूताईचीच होती.

राजे भर सभेत म्हणाले, "पाहा, आपल्या लेकी परमुलखात कसं नाव काढतात!"

तेव्हापासून मी हे माझ्या खात्याचं यश म्हणून सांगतो.