कुणाकडं आलात?

फार फार पूर्वीची ही गोष्ट. किती पूर्वीची ते विचारू नका, कारण ज्यांनी मला सांगितली त्यांनाही ते ठाऊक नव्हतं. एका नदीच्या काठी एक गाव होतं. गाव लहान, सव्वाशे उंबऱ्यांचं. भोवती मातीचा तट आणि आत शिरायला एकच वेस. वेस मात्र दगडी, कमानीची, आणि इतकी अरुंद की कडब्याची गाडी आत घ्यायची तर आधी अर्धा कडबा खाली उतरवावा लागे. गावाला त्याचं काही वाटत नसे. आपल्या घराचं दार ठेंगणं असलं म्हणून कुणी घर सोडत नाही.

त्या वेशीचा राखणदार होता सटवाजी. त्याला ना बायको, ना मूलबाळ. वेशीलगतची खोली हे त्याचं घर आणि सगळं गाव हा त्याचा संसार. हातात काठी होती, पण ती कुत्र्यांवर उगारण्यापलीकडे कधी कामी आली नाही. त्याचं खरं काम तोंडाचं. येणाऱ्या प्रत्येकाला तो एकच विचारायचा, "कुणाकडं आलात?"

पाहुणा म्हणायचा, "धोंडी कुंभाराकडं." मग सटवाजी घर दाखवायचा आणि वर सांगायचा, "कुंभारीण माहेरी गेलीय बरं का. जेवून आला असाल तर ठीक, नाहीतर धोंडीच्या हातची भाकरी खावी लागंल."

पण कधीमधी एखादा माणूस खाली मान घालून म्हणे, "कुणाकडंच नाही." कुणी दुष्काळानं उठलेला असे, कुणाला भावकीनं हाकललेलं असे. अशा माणसाला सटवाजी ओट्यावर बसवायचा. रांजणातलं गार पाणी द्यायचा, गुळाचा खडा द्यायचा. मग वेशीला टांगलेल्या काशाच्या थाळीवर मोजून तीन टोले हाणायचा. त्या दिवशी ज्या घराची पाळी असेल, त्या घरातलं माणूस हातातलं काम टाकून वेशीवर यायचं आणि म्हणायचं, "आमच्याकडं आलात. चला."

हे काही एका जेवणापुरतं नव्हतं. त्या दिवसापासून तो माणूस त्या घरचा. पुढं त्यानं वेगळं घर बांधलं, तरी लोक त्याला 'कुंभाराकडचा सुतार' म्हणायचे, एखादीला 'माळ्याकडची शिंपीण' म्हणायचे. त्याच्या लेकीच्या लग्नात त्या घरचा पुरुष मामा म्हणून उभा राहायचा. त्या गावात भांडणं चिक्कार होत, उणीदुणी काढली जात, पण 'याचं कुणी नाही' असं म्हणावं असा माणूस गावात एकही नव्हता. सटवाजीला याचा मोठा अभिमान होता.

मग राजानं नदीवर पूल बांधला.

पूल चांगला होता. उगाच नावं ठेवू नयेत. पुलावरून वैद्य आले, पंतोजी आले, परमुलखांतले विणकर आणि लोहार आले. पूर्वी बाळंतीण अडली तर नावेची वाट बघत बसावं लागे, ते थांबलं. पोरं अक्षरं गिरवू लागली. पण पुलावरून माणसं मात्र लोंढ्यानं येऊ लागली. आज एक, उद्या चार, आठवडी बाजाराला चाळीस. सटवाजीचे हात टोले देऊन दुखायला लागले आणि घरोघरच्या बायका कपाळाला आठ्या घालायला लागल्या. "पुन्हा टोले? कालच तर आमची पाळी झाली!"

सटवाजी काळजीत पडला. ओट्यावर बसून तो विचार करायचा. या एवढ्या बोली, एवढे वेष, एवढी तोंडं. यात आपलं गाव बुडून जाणार. त्याला कुणी काही सांगितलं नव्हतं, राजाचा हुकूम नव्हता, पंचांची बैठक नव्हती. त्यानंच एके दिवशी मनाशी ठरवलं, की गाव जपायचं तर बाहेरचं बाहेर ठेवलं पाहिजे.

तेव्हापासून 'कुणाकडंच नाही' असं कुणी म्हटलं, की सटवाजी त्याच्या तोंडाकडं न बघताच काठीनं दाखवायचा, "धर्मशाळा पुलापलीकडं." थाळी वाजायची थांबली. गावानं सुटकेचा निःश्वास सोडला. पुलापलीकडं झोपड्या उठल्या, झोपड्यांची घरं झाली, घरांची पेठ झाली. बघता बघता गावापेक्षा पेठ मोठी झाली आणि दोन्ही मिळून शहर झालं.

एका उन्हाळ्यात वेशीच्या आतल्या कापसाच्या वखारीला आग लागली. पाण्याची पिंपं भरलेल्या गाड्या धावत आल्या आणि वेशीत अडकल्या. पुढची गाडी पुढं जाईना, मागची मागं येईना. माणसं वाचली, पण तीन घरांची राख झाली. राजानं हुकूम काढला, की वेस पाडा, तट पाडा आणि तिथून रुंद रस्ता न्या.

सटवाजी दरबारात गेला. त्यानं पागोटं काढून राजाच्या पायाशी ठेवलं. "महाराज, रस्ता करा, पण वेस ठेवा. वेस गेली तर आमचं गाव गेलं."

राजा वाईट नव्हता. तो म्हणाला, "सटवाजी, आग मी डोळ्यांनी पाहिली. वेस तिथं ठेवता येणार नाही. पण तुझा जीव तिच्यात आहे हेही दिसतं. मी तिचा एकही दगड फुटू देणार नाही."

आणि राजानं शब्द पाळला. कारागिरांनी दगडांवर खुणा केल्या, एकेक दगड उतरवला आणि राजाच्या बागेत हिरवळीवर वेस जशीच्या तशी उभी केली. ओटा, रांजण, काशाची थाळी, सगळं मांडलं. भोवती लोखंडी कठडा घातला. सटवाजीला नवा अंगरखा दिला आणि सांगितलं, "तू इथं बस. तुझी जागा तुझ्याकडंच राहील."

सटवाजी बसला. वेशीच्या अलीकडं गुलाब होते आणि पलीकडंही गुलाब होते. लोक नटूनथटून यायचे, कमानीखालून या बाजूनं त्या बाजूला जायचे, हसायचे आणि घरी जायचे. कुणी कुणाकडं जात नव्हतं, म्हणून विचारायलाही काही नव्हतं. रांजण कोरडा होता. हात लावू नये असं बागेच्या रखवालदारानं बजावल्यामुळं थाळीवर धूळ साचली.

तिथं बसल्या बसल्या त्याला गाव आठवायचं. संध्याकाळी वेशीतून आत शिरणाऱ्या गुरांच्या खुरांची धूळ आठवायची. वेशीजवळचा लिंब आठवायचा, ज्याच्या निंबोळ्या ओट्यावर टपटपायच्या. तो लिंब रस्त्यात गेला होता. धोंडी कुंभाराची हाक आठवायची. रोज सकाळी शेणाची पाटी घेऊन जाताना धोंडी ओरडायचा, "सटवाजी, आहेस का रे?" आणि हा म्हणायचा, "जातो कुठं?" एवढंच बोलणं, पण चाळीस वर्षं रोज झालेलं. आता ते नव्हतं.

एक दिवस त्याला राहवलं नाही. धोंडीला भेटायचंच, असं ठरवून तो बागेतून निघाला. कुंभारआळी कुठं होती ते त्याला अंधारातही सापडलं असतं, पण आता भर उजेडात सापडेना. शेवटी मडकी भाजायच्या आव्याच्या जागेवरून घर ओळखलं. दारात एक अनोळखी बाई तांदूळ निवडत होती.

"धोंडी आहे का?" सटवाजीनं विचारलं.

"कोण धोंडी? आधीचे कुंभारबाबा व्हय? ते गेले की लेकीकडं, तिच्या गावाला. दिवाळीच्या आधीच. आता येणार नाहीत म्हणत होते."

सटवाजीनं मनात महिने मोजले. होळी होऊन गेली होती. धोंडी गाव सोडून गेला आणि आपल्याला कळलंही नाही. पूर्वी गावातून मांजर बाहेर गेलं तरी त्याला ठाऊक असे. तो तसाच चालू लागला. पूल कधी ओलांडला, कुठल्या बोळात वळला, त्याचं त्याला भान नव्हतं. ऊन माथ्यावर आलं, घशाला कोरड पडली आणि रस्ता पुरता चुकला. एका घराच्या पायरीवर तो मटकन बसला.

आतला मागाचा खटखटाट थांबला. हात पुसत एक विणकरीण बाहेर आली. तिचं नाव सुंदरा. तिनं म्हाताऱ्याकडं नीट निरखून पाहिलं आणि विचारलं, "बाबा, कुणाकडं आलात?"

सटवाजीनं दचकून वर पाहिलं. जन्मभर त्यानं हे दुसऱ्यांना विचारलं होतं. त्याला कधी कुणी विचारलं नव्हतं. त्यानं तोंड उघडलं. धोंडीचं नाव ओठांवर आलं आणि परत गेलं. मग खाली मान घालून तो म्हणाला, "कुणाकडंच नाही, पोरी."

"बरं, बसा," सुंदरा म्हणाली. आत गेली. तांब्याभर पाणी आणि वाटीत गुळाचा खडा घेऊन आली.

म्हाताऱ्यानं गुळाचा खडा हातात घेतला. "हे तुला कुणी शिकवलं?"

"आमच्या आळीत सगळेच करतात. आमचे सासरे परमुलखातून आले ना, तेव्हा माझा नवरा त्यांच्या कडेवर होता. वेशीवरच्या राखणदारानं तोंडसुद्धा बघितलं नाही. नुसती काठी केली, धर्मशाळा पुलापलीकडं. सासरे सांगायचे, इतकं चालून आलो त्यानं पाय दुखले नाहीत, पण ती काठी दुखली. मग धर्मशाळेत एक म्हातारी आली. माळ्याकडची शिंपीण म्हणायचे तिला. पाणी घेऊन आली, गूळ घेऊन आली. म्हणाली, मला या गावानं असंच घेतलं होतं. वेशीवर विचारत नाहीत तर राहू दे. आपण विचारू."

सटवाजीनं गूळ वाटीत परत ठेवला. "पोरी, ती काठी माझी."

शेजारच्या घरातल्या मागाचा आवाज तेवढा ऐकू येत होता.

"खोटं कशाला सांगू?" म्हातारा म्हणाला. "गाव जपायचं म्हणून मी तुम्हाला बाहेर ठेवलं. आणि जे गाव होतं, ते मीच त्या दिवशी बंद केलं. वेस तर नंतर पाडली."

सुंदरानं विचारलं, "आणि शिंपिणीला ओट्यावर कुणी बसवलं होतं?"

"तेही मीच. पावसात भिजून आली होती. तीन टोले दिले, तर माळी नांगर सोडून धावत आला."

"मग गूळ खा आधी," सुंदरा म्हणाली. "रागावायचं ते मी जेवल्यावर रागावेन."

ती उठली, भिंतीला टेकवलेली परात उचलली आणि तिच्यावर पळीनं तीन टोले हाणले. सटवाजीनं डोळे मिटून ते मोजले. समोरच्या घरातून एक लोहार काळ्या हातांनी, घाम पुसत धावत आला. त्या दिवशी पाळी त्याची होती. त्याची बोली दूरच्या मुलखाची, शब्द अडखळत येत होते. पण तो म्हाताऱ्यापुढं उभा राहिला आणि बरोबर तेच म्हणाला, "आमच्याकडं आलात. चला."

सटवाजी लहान मुलासारखा रडला. लोहाराला वाटलं, आपलं काही चुकलं.

त्या दिवसापासून त्याला लोक 'लोहाराकडचा सटवाजी' म्हणू लागले. दुसऱ्या दिवशी सकाळी तो बागेत गेला. रखवालदार नको नको म्हणत असताना त्यानं काशाची थाळी काढून घेतली, अंगरख्यानं पुसली, आणि जिथं पूर्वी वेस होती तिथं रुंद रस्त्याच्या कडेला पाण्याचा रांजण मांडून बसला. येणाऱ्याला विचारू लागला. पण शहराला आता एक सोडून सहा रस्ते येत होते. तेव्हा सुंदराच्या आळीतली माणसं बाकीच्या रस्त्यांवर बसली. पाळी घरावर ठेवली तर घरं दमतात, हे सटवाजीनं एकदा पाहिलं होतं. म्हणून त्यानंच सुचवलं, की पाळी आळीची असू द्या, ओझं वाटून जाईल. जुन्या गावातल्या बायकांनी पहिले काही दिवस ऐकून न ऐकल्यासारखं केलं. मग एका दुपारी थाळी वाजली, पाळी त्यांच्या आळीची होती, आणि चार घरांतून चार जणी एकदमच पदर खोचून निघाल्या. त्यांनाही ते टोले आठवत होतेच.

लिंब काही परत आला नाही. धोंडीही आला नाही. संध्याकाळी गाड्यांची धूळ उडाली, की सटवाजी अजून क्षणभर गुरांची वाट बघायचा. मग समोर कुणीतरी गाठोडं घेऊन उभं असायचं, आणि तो विचारायचा.

तो गेला तेव्हा त्याच्या तिरडीला पहिला खांदा लोहारानं दिला. बागेतली वेस आजही उभी असेल, वेलींनी झाकून गेली असेल. शहर तर दसपट वाढलं. पण म्हणतात, की त्या शहरात शिरणाऱ्याला अजूनही कुणीतरी गुळाचा खडा पुढं करतं आणि कुणाकडं आलात म्हणून विचारतं.

तात्पर्य: आलेल्याला जिथं कुणीतरी आपलं म्हणतं, ते शहर कितीही वाढलं तरी आपलं गावच राहतं.