निळी कपची आणि ओली माती

एका दाट जंगलात, बेहड्याच्या उंच झाडाच्या ढोलीत, धनेश पक्ष्यांचे एक जोडपे दर वर्षी संसार मांडत असे. मुलांनो, या पक्ष्यांची रीत तुम्हाला ठाऊक नसेल, म्हणून आधी ती सांगतो. अंडी घालायची वेळ आली की मादी ढोलीत शिरते आणि दार आतून लिंपून घेते. नर बाहेरून ओली माती आणून देतो, मादी तिच्यात आपली विष्ठा आणि उंबरांचा चोथा कालवते. शेवटी चोचीचे टोक बाहेर निघेल एवढीच फट उरते. आत बसल्या बसल्या तिच्या पंखांची पिसे गळून पडतात आणि नवी येईपर्यंत तिला उडता येत नाही. तोवर नराने आणलेली फळे खायची आणि त्या भिंतीच्या भरवशावर जगायचे. भिंत दिसायला ओबडधोबड, काळपट. पण धनेशाच्या कितीतरी पिढ्या तिच्याआड सुखरूप वाढल्या होत्या.

त्या वर्षी भिंत बरीचशी लिंपून झाली असताना एक साळुंकी तिथे आली. शहरातल्या एका चित्रकाराच्या बंगल्यात, वळचणीला तिचे घरटे होते, आणि ही गोष्ट ती भेटेल त्याला ऐकवत असे. ढोलीकडे पाहून तिने नाक मुरडले. "धनेशराव, हे घर आहे की बुजवलेलं बीळ?" मग तिने बंगल्याचे वर्णन सुरू केले. तिथे म्हणे एक उशी दुसरीसारखी नाही. भिंतीवर फुटक्या बश्यांच्या कपच्या, दारात विणलेल्या दोऱ्यांच्या झालरी, त्यांची टोके मुद्दाम उसवलेली, छताला टांगलेली पिसे. सगळे मोकळेढाकळे, कशाचा कशाला मेळ नाही, आणि त्यातच खरी गंमत. या तऱ्हेला बोहेमियन म्हणतात, असेही तिने सांगितले. म्हणजे काय ते तिला ठाऊक नव्हते, धनेशाला तर नव्हतेच. पण शब्द भारदस्त होता. त्याने धनेशाच्या मनात घर केले.

धनेश तसा वाईट नव्हता. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढे तुम्हाला त्याचा राग येईल. बायकोवर त्याची माया होती. आपल्या घराला कोणी बीळ म्हटले हे त्याला लागले, इतकेच. दुसऱ्या दिवशी तो माती आणायला ओढ्यावर गेला आणि जत्रेच्या माळावरून लाल दोरा घेऊन आला. मग बांगड्यांचे तुकडे आणले, मोराचे पीस आणले, झग्यावरून गळालेले आरसे आणले. धनेशाची चोच कितीही थोरली असली तरी ती एकच. एका खेपेला तिच्यात माती येते किंवा काच येते. आतून धनेशीण विचारी, "अहो, माती आणलीत का?" तो उद्याचा वायदा करी. उंबरही कमी येऊ लागले. पोट भरेना, आणि लिंपायला चोथाही उरेना.

पुढे कपच्या बसवायला जागा हवी म्हणून त्याने बाहेरून वाळलेली माती टोचून काढली. फटीची एक मोठी कमान केली, तिच्या कडेने आरसे खोचले, खाली दोऱ्यांची झालर सोडली. त्या दिवशी धनेशीण पहिल्यांदाच रागाने बोलली. "या कमानीतून माझी मान बाहेर येते. माझी मान जिथून बाहेर येते, तिथून दुसऱ्याचं डोकं आत येईल. मला आता पंख नाहीत हो." त्याने तिची समजूत काढली. घरात उजेड हवा, हवा खेळती हवी, जुन्या चालीला चिकटून कसे चालेल, असे साळुंकीचेच शब्द त्याने तिला ऐकवले. हौसेला मोल नसते, असे म्हणून तो पुन्हा माळाकडे उडाला.

घर पाहायला पाहुणे येऊ लागले. बुलबुल आले, पोपट आले, दुसऱ्या रानातले कोतवालसुद्धा आले. असे दार कोणी पाहिले नव्हते, असे सगळे म्हणाले. धनेश शेजारच्या फांदीवर मान फुगवून बसे. आत कोण बसले आहे, ती जेवली का, हे कोणी विचारले नाही आणि त्यालाही ते खटकले नाही.

एका सकाळी ढोलीतून बारीकसा नवा आवाज आला. धनेशिणीने कमानीतून मान बाहेर काढली. ती फार वाळली होती, पण चेहरा हसरा होता. "ऐकलंत का? एक अंडं फुटलं. आता तरी माती आणा." धनेशाला आनंद झाला, खरोखर झाला. परंतु कमानीच्या माथ्यावर एक जागा रिकामी होती, आणि शहराच्या वेशीवरच्या उकिरड्यात निळ्या फुलांच्या बशीची कपची पडली आहे अशी खबर साळुंकीने दिली होती. कोणी उचलून नेली तर? "एवढी एक आणतो, मग मातीच माती," असे म्हणून तो गेला. पिलाला पाहायचेही राहून गेले.

दुपारी ऊन आरशांवर आले. खाली ओढ्याकाठच्या खडकावर एक घोरपड पडली होती. त्या झाडाखालून ती अनेकदा गेली होती. काळ्या खोडावरची काळी भिंत तिच्या कधी लक्षात आली नव्हती. आज तिच्या डोळ्यांवर तिरीप चमकली. तिने मान वर केली आणि ती सावकाश खोड चढू लागली. कमान तिला पुरेशी होती.

धनेश निळी कपची घेऊन परतला तेव्हा घोरपड जड अंगाने खाली उतरत होती. तो तिच्यावर तुटून पडला, पण त्या जाड कातडीला चोचीचे काय. ती खडकांत निघून गेली. त्याने ढोलीत डोकावले. आता त्याची सगळी मान आत जात होती. आत पिसे होती, धनेशिणीचीच, तिने पिलासाठी नीट अंथरलेली. दुसरे काहीच नव्हते. तिने हाक मारली असेल, आणि ती ऐकायला आपण नव्हतो, हे त्याला कळले. मग तो बराच वेळ ओरडला. त्या ओरडण्याचा कोणाला काही उपयोग नव्हता.

दुसऱ्या दिवशी साळुंकी नवे पाहुणे घेऊन आली. घडलेले तिला ठाऊक नव्हते. कमान पाहून ती म्हणाली, "आता कसं घर घरासारखं दिसतंय." धनेश ओढ्यावर गेला. उन्हाळा टिपेला पोचला होता, ओढा आटला होता. चोचीत आलेली माती दाराशी पोचेपर्यंत भुगा होऊन गळून गेली. तरी त्याने खेपा केल्या. मग तो उंबर आणू लागला. रोज कमानीशी बसतो, एकेक फळ पुढे करतो, वाट पाहतो. आतून चोच येत नाही. फळे झाडाखाली कुजत पडतात, आणि दारावरचे आरसे उन्हात चमकत राहतात.

तात्पर्य : ज्या भिंतीच्या भरवशावर घरातले कोणी निर्धास्त बसते, ती भिंत पाहुण्यांच्या वाहवेसाठी पोखरू नये. चूक पुढे कळते; पण तोवर माती वाळलेली असते.