दगडातली वाटी

"…आणि इथे संडास कुठे आहे, गाईडसाहेब?"

पास्कूचं बोलणं तिथेच तुटलं. दगडी पुलाची कमान चुन्याशिवाय कशी उभी राहिली, हे तो अगदी रंगात येऊन सांगत होता.

"फादर, मठातला संडास तुम्हाला ठाऊक नाही?"

"मी आज फादर नाही. मी पाहुणा. आत्ताच बसमधून उतरलोय."

तसं ठरलंच होतं म्हणा. इटलीच्या डोंगरांत वाल्दोरा नावाची एक अरुंद दरी आहे. एका अंगाला धबधबा, दुसऱ्या अंगाला अक्रोडाची झाडं, मधून नदी, आणि नदीकाठी जुना मठ. दरी बघायला लोक लांबून येतात, आणि त्यांना ती दाखवायची हे मठातल्याच एकाचं काम. इतकी वर्षं ते फादर ओत्ताव्यो करत. आता त्यांचे गुडघे कुरकुरायला लागले होते.

पास्कू रुमाव हा वसईचा. केळीच्या वाडीत वाढला, ब्रदर झाला आणि फादरांच्या हाताखाली शिकायला इथवर आला. आला तेव्हा थंडीने नाक लाल व्हायचं, शेवया वाटून स्पॅगेटीत साखर मागायचा. पण दरीने त्याला असं काही वेड लावलं की आता इथून हलायचं नावच नको.

आणि आता हलावं लागेल अशी वेळ आली होती. फादरांनी त्याला पसंत केलं तर तो इथेच राहणार. नाहीतर बर्फ पडायच्या आत खाली शहरातल्या मोठ्या मठात, भटारखान्यात रवानगी. वरच्यांनी तसं स्पष्ट सांगितलं होतं. म्हणून आज परीक्षा. फादर म्हणाले होते, मला दरी दाखव, बाकी काही नको.

दाखव म्हटल्यावर काय, पास्कूच्या तोंडाचा पट्टा सुटला. ज्ञानाला तोटा नव्हता हो गड्याच्या. रात्रंदिवस वाचून त्याने ही दरी पाठ केली होती. पाहुण्यांनी काही विचारलं आणि पास्कू गप्प राहिला, असं एकदाही झालं नव्हतं. त्याचा त्याला अभिमान होता, आणि तो लपवायची त्याला सवय नव्हती.

पूल झाला. मग देऊळ. देवळाच्या बाहेरच्या भिंतीवर, छपरापासून जमिनीपर्यंत, खांद्यावर बाळ येशूला घेऊन नदी ओलांडणारा संत क्रिस्तोफर रंगवलेला. याचं नुसतं दर्शन झालं तरी त्या दिवशी वाटसरूला अपमृत्यू येत नाही, अशी इकडे श्रद्धा. पास्कूने रंग कसले, गिलावा कसला, चित्रकार कुठला, सगळं सांगितलं. फादर मान वर करून बघत राहिले.

"याच्या पायाला मासे गुदगुल्या करत असतील," ते म्हणाले.

पास्कूने खालच्या पाण्यात रंगवलेल्या माशांची जात सांगितली.

फादर पुढे चालू लागले…

मग दोघे कोरीव दगडांपाशी आले. पार जुन्या काळच्या कोणा माणसांनी तिथल्या काळ्या कातळांवर हरणं कोरलीत, शिकारी कोरलेत, नांगरसुद्धा कोरलाय. त्यांना कुंपण आहे. कुंपणाच्या अलीकडे, अक्रोडाच्या झाडाखाली, एक बसका दगड आहे. त्यावर हरीण नाही की शिकारी नाही. मधोमध फक्त एक गोल खळगा, आमटीच्या वाटीएवढा.

"हे काय आहे?" फादरांनी विचारलं.

पास्कू याच प्रश्नाची वाट बघत होता. त्याने घसा साफ केला. ही वाटी म्हणजे या दरीचं सगळ्यात मोठं गूढ, तो म्हणाला. मग बळीचं रक्त झालं, पर्जन्यदेवता झाली, आकाशातले तारे झाले. एकेक तर्क त्याने असा मांडला की जणू बळीच्या वेळी तो स्वतः परात धरून उभा होता. शेवटी तर त्याचाच आवाज जरा भरून आला.

फादर ऐकत होते. ऐकता ऐकता त्यांनी झग्याच्या खिशातून एक अक्रोड काढला. वाटीत ठेवला. शेजारचा धोंडा उचलला आणि दिला ठोका.

टच्च…

गर काढून त्यांनी तोंडात टाकला. चावत चावत ते समोरच्या धबधब्याकडे बघू लागले.

पास्कूच्या तोंडचं पाणीच पळालं. आधी वाटलं, फादरांना ओरडावं. मग दिसलं, वाटीच्या कडेला कवचांचा चुरा साचलाय. जुना, काळा पडलेला. तो इथून रोज जात होता आणि त्याने तो कधी पाहिला नव्हता. कान गरम झाले त्याचे. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पण पास्कूच तो, पडला तरी नाक वर. मनात म्हणाला, चुकलो तर चुकलो, आता बरोबर काय ते तरी कळलं.

तेवढ्यात पायवाटेने एक आजीबाई वर आल्या. तूरिनच्या होत्या, एकट्याच फिरायला निघालेल्या. हातात काठी, छातीचा भाता चाललेला. दगडाकडे बोट करून त्यांनी तेच विचारलं, हे काय आहे म्हणून.

पास्कू पुढे झाला. म्हणाला, सिन्योरा, लोक बळी, तारे असलं काय काय सांगतात, त्यावर जाऊ नका. ही अक्रोड फोडायची वाटी आहे. पार जुन्या काळापासून दरीतली माणसं इथे अक्रोड फोडत आलीत. मग अक्रोडाचं झाड मूळचं कुठलं, तेल कसं गाळतात, दिव्यात कसं जाळतात… स्वारी पुन्हा रंगात आली. आवाजही मघासारखाच भरून आला.

आजीबाईंनी थोडं ऐकलं. मग हातातल्या काठीचं टोक त्या वाटीत टेकवलं. ते छान बसलं, जरासुद्धा सरकलं नाही. काठीला धरून त्या सावकाश दगडावर टेकल्या, उजव्या पायातला बूट काढला आणि बोटं हलवत म्हणाल्या, "हाऽऽश…"

फादर ओत्ताव्यो बघतच राहिले. आणि मग असे हसले, असे हसले की त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"इतकी वर्षं मी इथे येतोय," ते आजीबाईंना म्हणाले, "हे मला सुचलंच नाही."

पास्कूने तोंड उघडलं. काठीबद्दलही त्याच्याकडे सांगण्यासारखं बरंच होतं. मेंढपाळ, यात्रेकरू, सगळे जिभेवर येऊन उभे होते…

त्याने तोंड मिटलं.

मग तोही त्या दगडाच्या कडेला बसला. दगड उन्हाने कोमट झाला होता. धबधब्याचा आवाज येत होता, आणि तो एकसारखा नव्हता, वारा फिरला की लांब जायचा आणि पुन्हा जवळ यायचा. वरच्या कुरणात कुठेतरी गाईच्या गळ्यातली घंटा वाजली. फादरांनी आणखी एक अक्रोड काढला, तिघांत वाटला. कोणी काही बोललं नाही, आणि पास्कूला फार बरं वाटलं. किती दिवसांनी, ते त्यालाही आठवेना.

आजीबाईंनी बूट चढवला, काठी उचलली. निघताना म्हणाल्या, तुमची दरी सुंदर आहे हो. पास्कू नुसता हसला.

त्या वळणाआड गेल्या तशी त्याला परीक्षेची आठवण झाली. बर्फ, शहर, भटारखाना, सगळं एकदम डोळ्यांपुढे आलं. रडूच यायचं बाकी होतं.

"फादर… मी नापास ना?"

फादर गुडघ्यावर हात ठेवून उठले. झग्यावरचा चुरा झटकला.

"उद्या सकाळी मिलानहून मंडळी येताहेत. त्यांना आधी बसायला सांग."