मैनाबाई आणि थंड शेगडी

त्या दिवशी धुकं उतरलं, ते दुपार झाली तरी उठेना. चिखलदऱ्याची थंडी, वर बारीक वारा. अंगणातला पेरू अंगणातूनच दिसत नव्हता.

"मग, काय सापडलं?" मैनाबाईंनी दारातूनच विचारलं.

"सापडायचं काय?" मी म्हणालो. "शेगडीची कॉईल गेली होती. नवी आणून घातली."

"मग तापली?"

"...नाही."

मैनाबाई शेजारच्याच. अमरावतीला विजेच्या शेगड्यांच्या कारखान्यात त्यांनी तीस वर्षं कॉईली बसवल्या. शाळा त्यांनी पाहिली नाही, मीही नाही. पण मी गावच्या पाणीपुरवठ्याचा पंप बावीस वर्षं चालवलेला. विजेचं आपल्याला कळतं, असं मला वाटायचं. म्हणून दोन दिवस त्यांना बोलावलं नव्हतं.

आत यमुना खोकली. माझी बायको. छातीच्या दुखण्यातून नुकती उठलेली. चुलीचा धूर डॉक्टरांनी बंद केलेला, आणि गॅसला ती पहिल्यापासून भिते. शेगडी बंद पडल्यापासून तिच्या पोटात गरम असं काही नव्हतं, शेजारून येईल तेवढंच.

सकाळी मुलाचा, प्रल्हादचा फोन आला होता. "बाबा, तुमच्यानं एक शेगडी होत नाही. आईला काय सांभाळणार? चार वाजता गाडी घेऊन येतो. तिला नागपूरला नेतो."

यमुना मला म्हणाली होती, "मला या घरातून हलवू नका हो."

घड्याळात अडीच वाजले होते.

मैनाबाई खाली बसल्या. शेगडीकडे पाहिलंच नाही. भिंतीतला प्लग उपसला आणि स्वतःच्या मांडीवर ठेवला.

"हा इथं आहे तोवर हात घाला. मी उठले की काढा."

मग भिंतीला टेकून बसल्या.

मी वाट पाहिली. त्यांनीही पाहिली.

"मैनाबाई, चार वाजता प्रल्हाद येतोय..."

"येऊ दे की. शेगडी कुठं पळून चालली? दिवा लागत होता का हिचा?"

"लाल दिवा लागतो. कॉईल थंडगार."

"म्हणजे वीज दिव्यापर्यंत आली. कॉईल तुटलीय?"

मी नव्या कॉईलवरून बोट फिरवलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत. "अखंड आहे."

"वीज आलीय. कॉईल धड आहे. मग दोघी भेटतात कुठं?"

मी शेगडीच्या बाजूची पत्र्याची डबी दाखवली. "इथं. पण हे स्क्रू मीच आवळलेत. चांगले दम देऊन."

"कशावर आवळलेत?"

"...म्हणजे?"

मैनाबाई प्लगवरची धूळ पदरानं पुसत राहिल्या.

मी स्क्रू सोडले. वायरच्या टोकाखाली लालसर काळी खपली होती, नखाएवढी जाड. जुनी कॉईल काढताना मी ती पाहिली होती. पाहिली, आणि तिच्यावरच नवी कॉईल आवळून टाकली.

"गंज आहे," मी म्हणालो.

"वास घ्या."

घेतला. गंजाचा होता. पण त्याच्या आड दुसराही एक होता, देवघरातला.

"कुंकू..."

दर दसऱ्याला विळा, कुऱ्हाड, पाना यांच्या ओळीत मी शेगडीही मांडायचो. बोट बुडवून ओलं हळदकुंकू लावायचो, वरून फुलानं पाणी शिंपडायचो. लावायचो नेमकं त्या डबीवर, फटीपाशी, कारण वीज तिथून आत शिरते ना. सात दसरे झाले.

मैनाबाई इतक्या हसल्या की मांडीवरचा प्लग घरंगळला. "अहो गोमाजीभाऊ, सात वर्षं हिच्या तोंडात कुंकू कोंबलंत! बोलणार कशी ती?"

आतून यमुनाही हसली. पुष्कळ दिवसांनी.

मग त्यांनी हात लावला नाही. मीच केलं. खपली खरवडली, पॉलिश पेपरनं खालची पट्टी उजळेपर्यंत घासली. वायरचं जळकं टोक कापून नवं सोललं. माझा हात घाई करायला लागला की त्या नुसतं "हं" म्हणायच्या. डबी कोरड्या फडक्यानं पुसली, झाकण बसवलं.

"उठू?" त्यांनी विचारलं.

"उठा."

प्लग त्यांनी माझ्या हातात दिला. मी लावला. बटण दाबलं.

दिवा लागला. कॉईल तशीच. मी वाकून पाहत बसलो...

मग ती काळपट लाल झाली. मग केशरी. तळहात वर धरला तर ऊब लागली.

"यमुने!" मी ओरडलो. सत्तरीचा माणूस, लहान पोरासारखा ओरडलो. "तापली गं!"

तांदळाची कणी धुऊन पेज ठेवली. चारला बाहेर गाडी वाजली. प्रल्हाद आत आला तेव्हा घरभर वाफ होती, आणि यमुना उशीला टेकून वाटीची वाट पाहत होती.

"कोणी केली?" त्यानं विचारलं.

"तुझ्या बाबांनी," मैनाबाई म्हणाल्या.

"गाडी परत ने," यमुना म्हणाली. "जेवून ने."

प्रल्हाद शेगडीपाशी बसला. हात शेकत राहिला. नागपूरचं नाव त्यानं काढलं नाही.

मी देवघरातलं जास्वंदाचं फूल घेतलं, कुंकवाचा करंडा घेतला. मैनाबाईंसमोर आलो आणि त्यांच्या पायांशी वाकलो.

त्यांनी पाय मागे घेतले. लाकडी पळी माझ्या हातात दिली.

"वाकलाच आहात तर पेज ढवळा. खाली लागतेय."